न वितळणारी कांडी

नवऱ्याच्या पहिल्या वर्षश्राद्धाला रुइलानने अळकुडीची आईसकांडी नेली, आणि पुढचं सगळं त्या कांडीपासून सुरू झालं.

लिनप्येनहून डोंगराच्या पायथ्याच्या, कप्प्याकप्प्यांत अस्थिकलश ठेवलेल्या अस्थिमनोऱ्याला जायला बसने चाळीस मिनिटं लागत. सातव्या महिन्यातलं ऊन. तिने कांडी वर्तमानपत्रात गुंडाळली, वर टॉवेल गुंडाळला, तरी उतरेपर्यंत पिशवीत जांभळट पाणी आणि एक काडी एवढंच उरलं होतं. तिने ते पाणी वाटीत ओतलं, नवऱ्याच्या, ज्यातुंगच्या, कप्प्यासमोर ठेवलं, उदबत्ती लावली आणि परतली. घाईत वाटी तशीच राहिली.

दोन दिवसांनी मनोऱ्यावरच्या राखणदाराचा, म्हाताऱ्या वूचा, फोन आला.

"ताई, मुंग्या तिसऱ्या रांगेपर्यंत चढल्यात. शेजारच्या कप्प्यातल्या आजोबांचा मुलगा माझ्या नावाने शंख करतोय. काय ठेवून गेलात?"

"कांडी होती, काका. त्याला आवडायची."

"आवडायची हो, कुणाला आवडत नाही? पण न नासणारं काहीतरी आणा. कागदाचं आणा, प्लास्टिकचं आणा. लोक पितरांना वाहायला कागदाचे बंगले आणतात, तुम्ही आपलं सरबत आणलंत."

कागदाची कांडी मिळाली असती. पण कागदाला ना गारवा, ना वास. रुइलानचं मन त्यावर बसेना.

ज्यातुंग बर्फातली मासळी वाहणारा ट्रक चालवायचा. रात्रंदिवस रस्त्यावर, झोप येऊ नये म्हणून गालात कच्ची सुपारी. दात लाल, थुंकी लाल, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी घसा आतून सडला. मूलबाळ नव्हतं. घरात मागे राहिल्या दोघी, रुइलान आणि त्याची आई आखिम. दोघींनी एका छताखाली वीस वर्षं एकमेकींना सोसलं होतं. तो गेल्यावर सोसण्याचीही सवय लागली, इतकंच.

त्या हिवाळ्यात गावच्या समाजघरात बायकांसाठी साबण करायचा वर्ग निघाला. रुइलान गेली ती केवळ दुपार काढायला. शिकवणाऱ्या बाईंनी साबणाचा पांढरा ठोकळा सुरीने चिरला, तुकडे भांड्यात घातले, ते भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवलं. साबण तुपासारखा पातळ झाला. त्यात रंग, वास, मग रबरी साचा. साचे तऱ्हेतऱ्हेचे होते, फुलं, मासे, मांजरी. एक साचा आईसकांडीचा होता, वर गोल आणि खाली काडीसाठी चीर.

"हा मला द्याल का?" रुइलानने विचारलं.

"घ्या की. पोरांना फार आवडतात या."

"पोरं नाहीत," ती म्हणाली आणि साचा पिशवीत टाकला.

पहिली कांडी बाहुलीच्या फ्रॉकसारखी जांभळी झाली. खरी अळकुडीची कांडी तशी नसते. ती राखाडीकडे झुकते, जांभळा नुसता भास असतो, आणि आत कंदाचे बारीक ठिपके. रुइलानने रंग थेंबाथेंबाने कमी केला, ठिपक्यांसाठी चहाची बारीक पूड चाळून घातली. पूड सगळी तळाशी बसली. मग तिला कळलं की साबण जरा कोमट होऊन दाटायला लागला की मगच पूड घालायची. वर बुडबुडे आले तर स्पिरिटचा फवारा मारायचा. काडी आधी खोचली तर कलते, साय धरली की खोचायची. सातव्या खेपेला साच्यातून जी निघाली, ती हातात घेऊन रुइलान ओट्याशी कितीतरी वेळ उभी राहिली. वाटलं, ही आता हातावर ओघळणार.

सासूने दारातून पाहिलं.

"काय गं हे?"

"ज्यातुंगसाठी. मनोऱ्यावर ठेवायला."

"साबण?" आखिम म्हणाली. "जिवंत होता तोवर आंघोळ कर, आंघोळ कर म्हणून त्याच्या पाठी लागायचीस. आता मेल्यावरही सोडू नकोस हो त्याला!"

रुइलानला हसू आलं. म्हातारीलाही आलं असावं, कारण ती लगबगीने आत गेली. त्या घरात हसण्यासारखं तेवढंच घडलं.

वूने कप्पा उघडून दिला, कांडी हातात घेऊन हुंगली, नखाने टोकरून पाहिली. "मुंग्या लागायच्या नाहीत," असा निकाल देऊन त्याने ती अस्थिकलशाशेजारी उभी केली.

कप्प्यांना काचेची दारं होती. येणाऱ्याजाणाऱ्याला ती कांडी दिसायची. चिंगमिंगच्या दिवसांत, पितरांकडे सगळी गर्दी लोटते तेव्हा, एका बाईने वूकडून रुइलानचा नंबर घेतला. तिच्या वडिलांना शेंगदाण्याची कांडी लागायची. मग एक शाळामास्तर आला. त्याच्या बायकोला लाल चवळीची, पण वरून दुधाचा थर असलेली.

"दूध किती वर होतं?" रुइलानने विचारलं.

मास्तरने तर्जनीच्या एका पेराएवढं माप दाखवलं, आणि ते बोट तसंच धरून बसला. "ती आधी दूधच चाटून घ्यायची," तो म्हणाला. "मग उरलेली माझ्या हातात."

रुइलानने दोन थर ओतले. खालचा पुरता गार झाला तर वरचा त्याला धरत नाही, निखळून येतो. म्हणून ती साच्याशी बसून राही, बोटाने साय चाचपत. लोक आपापल्या माणसांच्या जिभेचे चोचले सांगत, आणि ती ऐकत असे. स्वतःच्या माणसाबद्दल मात्र ती कुणाला काही सांगत नव्हती. स्वयंपाकघरात फळ्यांवर कांड्या ओळीने वाळत. ओट्यावर भाजी चिरायला जागा उरेना, तरी आखिम महिनोन्महिने कुरकुरत का होईना, चालवून घेत होती.

तिसरं वर्षश्राद्ध आठवड्यावर आलं तेव्हा एका सकाळी म्हातारी पेजेच्या वाडग्याला हात न लावता बसून राहिली.

"तो आला होता," ती म्हणाली. "तीन दिवस झाले, रोज स्वप्नात येतो. काहीतरी सांगायला तोंड उघडतो आणि फेस येतो. नुसता फेस! शब्द नाही. तू माझ्या पोराला साबण चारतेस, रुइलान."

"अहो आई, स्वप्न ते. तुम्ही दिवसभर साबणच बघता..."

"मी आई आहे त्याची. त्याला खरी कांडी हवीय. ते काढ तिथून."

रुइलानच्या हातातली पळी थांबली. खरी कांडी.

वर्षश्राद्धाच्या दिवशी दोघींनी थर्मोकोलचा डबा नेला. बर्फ, त्यात मीठ, त्यात गावच्या जुन्या दुकानातल्या अळकुडीच्या चार कांड्या. बसमध्ये डबा म्हातारीने मांडीवरच ठेवला. पाणी झिरपून तिची विजार भिजली तरी खाली ठेवीना.

कांड्या शाबूत पोचल्या. वूने खालच्या दालनातल्या मेजावर ताट मांडून दिलं, पण बजावलं, "उदबत्ती विझली की लगेच उचला हं, मावशी."

आखिमने उदबत्त्या लावल्या, लेकाचं नाव घेतलं आणि कौलाचे दोन लाकडी तुकडे ओंजळीत धरले. एक उताणा एक पालथा पडला तर होकार. दोन्ही पालथे पडले तर नकार.

"बाळा, तुला तो साबण नको ना?"

एक उताणा, एक पालथा.

"बघितलंस?" म्हातारी सुनेकडे न बघताच म्हणाली. "बाळा, खरी कांडी आणलीय. खातोस ना?"

दोन्ही पालथे. तिने पुन्हा टाकले. पुन्हा दोन्ही पालथे. ताटात कांड्यांच्या कडा घामेजायला लागल्या होत्या.

"का रे? माझ्यावर रागावलास?"

पालथे.

आखिमने कौल पुन्हा ओंजळीत घेतले. मग हळूच म्हणाली, "हिच्यावर?"

एक उताणा, एक पालथा. लाकूड फरशीवर पडल्याचा आवाज दालनभर घुमला. म्हातारी वळली.

"काय केलंस तू?"

रुइलान खोटं बोलू शकली असती. लाकडाचे तुकडे ते, कसेही पडतात. पण तीन वर्षं आत दाबून ठेवलेलं तिला आता आवरेना.

"शेवटच्या आठवड्यात, तुम्ही हॉस्पिटलातून घरी कपडे आणायला गेला होतात," ती म्हणाली. "दुपारी. त्याला बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहिलं, 'अळकुडीची कांडी.' मी म्हटलं, नाही. तोंडाने काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, छातीत गेलं तर संपलं म्हणून. त्याने परत लिहिलं, 'ओठाला लाव नुसती.' मी पाटी काढून घेतली."

"मग?"

"मग तो भिंतीकडे वळला. तीन दिवसांनी गेला. माझ्याकडे वळला नाही परत."

आखिमने फरशीवर पडलेले कौल उचलून मुठीत धरले.

"ओठाला लाव म्हणाला?"

"हो."

"आणि तू लावली नाहीस."

"आई, मला वाटलं, नियम पाळले तर आणखी एखादा दिवस..."

"तो जाणार होता गं! मला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, झाडूवालीलासुद्धा ठाऊक होतं. तो एक दिवस कुणासाठी हवा होता? त्याच्यासाठी, की तुझ्यासाठी?"

या प्रश्नापाशी रुइलान स्वतः कधी पोचलीच नव्हती. ती नुसती कांडी द्यायला हवी होती की नाही याच्याशीच अडून बसली होती.

"मला फोन केला असतास," म्हातारी म्हणाली, "तर मी धावत आणली असती. मेला असता तर माझ्या हातून मेला असता. तोंड गार करून गेला असता."

तोवर कांड्या काडीवरून घसरायला लागल्या होत्या. वू फडकं घेऊन दुरून बघत होता, पण पुढे यायचं धाडस त्याला झालं नाही. रुइलाननेच ताट उचललं. मग वर जाऊन कप्पा उघडून घेतला आणि साबणाची कांडी काढली.

परतीच्या बसमध्ये दोघी शेजारी बसल्या, कारण दुसरी जागा नव्हती.

आठवड्याच्या आत आखिमची मुलगी युएज्याओ काओशुंगहून गाडी घेऊन आली. म्हातारीने कपडे, औषधं आणि लेकाचा एक फोटो घेतला. देव्हाऱ्यातला मोठा फोटो तिथेच राहू दिला. दारात रुइलान वाकून म्हणाली, "आई, सांभाळून राहा." आखिमने चपला घातल्या, हात मुलीच्या खांद्यावर ठेवला आणि पायऱ्या उतरली. जांबाच्या बागांमधून वळणं घेत गाडी दिसेनाशी झाली.

कप्प्यातून काढलेली कांडी रुइलानने मोरीत ठेवली. टाकवेना, आणि ठेवायला दुसरी जागा नव्हती. एक दिवस अंगाचा साबण संपला होता. तिने ती पाण्याखाली धरली. दीड वर्षात वास गेला असेल असं वाटलं होतं, पण ओली होताच तो आला, उकडलेल्या अळकुडीचा, गोडसर, दुधाळ. तिने ओठांना लावून पाहिली. कडू, खारट. तिथेच मोरीत ओल्या फरशीवर ती बसली आणि नळ चालू ठेवून रडली. घरात ऐकणारं कुणी नव्हतं, तरी नळ चालू ठेवला. महिन्याभरात हातात नुसती काडी राहिली. ती तिने केरात टाकली.

इतरांची कामं तिने बंद केली नाहीत. लोक येत, चव सांगत, ती ओतून देई. फक्त अळकुडीची कुणी मागितली तर म्हणे, "तो रंग मला जमत नाही."

पुढच्या चिंगमिंगला ती दहाच्या बसने गेली. फक्त उदबत्त्या आणि थोडे जांब घेऊन. गवत काढणारा वू तिला बघून उठला.

"तुमच्या सासूबाई काल येऊन गेल्या. मुलीबरोबर, सकाळी सातलाच. म्हटलं एवढ्या लवकर, तर म्हणाल्या, ऊन नको."

"बरी आहे का तब्येत?"

"काठी आलीय हातात. मला विचारत होत्या, ती एकटीच येते का? म्हटलं, एकटीच. मग म्हणाल्या, वाळलीय का? म्हटलं, मावशी, मी इथे कलशांवर नजर ठेवतो, बायकांच्या अंगाखांद्यावर नाही." तो स्वतःच हसला, मग तिचा चेहरा बघून म्हणाला, "तेवढंच विचारलं हो. बाकी काही नाही."

रुइलानने कप्प्यासमोर उदबत्ती लावली. कौल लावले नाहीत. बाहेर बसथांब्यावरच्या बाकावर बसून तिने युएज्याओला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तिकडून उचलला.

"वहिनी? हां, बोल."

"आई आहेत का?"

मागे टीव्ही चालू होता, आणि त्यावरून म्हातारीचा आवाज स्पष्ट आला, "कुणाचा गं?"

"आई झोपलीय," युएज्याओ म्हणाली.

"बरं," रुइलान म्हणाली. घसा साफ करून ती जरा मोठ्याने, टीव्हीच्या वर जाईल अशा आवाजात बोलली, "उठल्या की सांग, मी जेवते नीट. दोन्ही वेळा."

तिकडे टीव्हीचा आवाज कुणीतरी कमी केला. रुइलानने थोडा वेळ फोन तसाच कानाला धरून ठेवला, आणि बस आल्यावर बंद केला.