लाल चिंधी

बारक्याची चाळिशी उलटली, ढेरी सुटली, स्वतःचं गॅरेज झालं, तरी ताईच्या तोंडी तो बारक्याच. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, पहिला पानाही तिनंच हातात दिला. तीच ताई म्हणाली, "बाबा रे, माझ्या पिकअपला चढावर धाप लागते, काहीतरी कर," तर हा नाही कसा म्हणणार? आणि खरं सांगायचं तर गड्याला निमित्तच हवं होतं. डिझेल गाडीची ताकद वाढवायची म्हटलं की याला तहानभूक सुचत नसे.

त्यानं इंजिनात हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला, हवा वाढवली, डिझेल वाढवलं. पण पिकअप खमकी! इंजिन हद्दीबाहेर तापलं की तिचा कॉम्प्युटर आपोआप ताकद कापायचा. पुरी ताकद किती, ते बघायला बारक्यानं उष्णता मोजणारा सेन्सर काढून तिथं खोटी तार जोडली. आता आत आग लागली तरी कॉम्प्युटर म्हणणार, सगळं थंड आहे, आणि समोरचा उष्णतेचा काटा मधोमध उभा राहणार. हा खेळ फक्त रिकाम्या गाडीचा, सपाट रस्त्यावर, घटकाभर. अशी अर्धवट गाडी असली की तो स्टीअरिंगला लाल चिंधी बांधायचा. चिंधी दिसली की किल्लीला कुणी हात लावायचा नाही, मग तो गाडीचा मालक का असेना. हा नियम त्यानं ताईकडूनही घोकून घेतला होता.

त्या दुपारी तो ताईच्याच पिकअपमध्ये बसला होता. तेवढ्यात बाहेर कुणाच्या तरी गाडीचं पाणी उकळून फसफसू लागलं. "झाकण उघडू नका!" ओरडत बारक्या धावला, आणि धावता धावता हाताशी आलेलं फडकं ओढून घेतलं. झाकण काढलं, हात पुसले, फडकं खिशात कोंबलं आणि तसाच मागच्या लेथवाल्याकडे गेला. परत येतो तर पिकअपची जागा मोकळी.

"ताई घेऊन गेल्या," वेल्डर म्हणाला. "वरच्या बांधकामावर फरश्या पोचवायच्यात म्हणे. चिंधी नाही, म्हणजे काम झालंय, असं म्हणाल्या."

बारक्यानं घाम पुसायला खिशात हात घातला आणि लाल चिंधी बाहेर आली. त्यानं लगेच ताईला फोन लावला.

फोन नुसताच वाजत राहिला. गाडी चालवताना ताई फोन उचलत नसे. हा धडाही याच शहाण्यानं दिलेला. दुरुस्तीला आलेली एक म्हातारी पिकअप दारात होती, तीच घेऊन तो निघाला. पण ही रखडत चढणार आणि ताईची वाऱ्यासारखी पळणार! स्वतःच्या हातानं दिलेली ताकद त्याला मागं टाकून चालली होती. "थांब गं, ताई, थांब," तो एकटाच बडबडत होता. तिच्या गाडीच्या पाठीवर फरश्या, समोर चढ, आणि काटा मधोमध. ताई काट्याकडे बघून म्हणत असेल, आमच्या बारक्यानं काय काम केलंय! टर्बो तापून त्याचं तेल अडवणारं सील गेलं की तेल इंजिनात शिरतं. मग इंजिन स्वतःचंच तेल पिऊन पळतं, किल्ली काढली तरी थांबत नाही; हवा तोडली तरच थांबतं. असं फुटलेलं एक इंजिन त्यानं पाहिलं होतं; लोखंडाचे तुकडे बॉनेट फाडून बाहेर आले होते.

आधी आवाज आला. किंचाळीसारखा, चढत चाललेला. मग वळणावर काळा धूर दिसला, धुरात पिकअप, मागं दरी. ताई आतच होती. गिअर काढलेला, दोन्ही पाय ब्रेकवर, तोंड पांढरंफटक.

"किल्ली काढली रे! थांबतच नाही!" ती ओरडली. "हँडब्रेक धरत नाही, पाय उचलला तर मागं जाते!"

"उचलू नकोस! काही झालं तरी उचलू नकोस!"

त्यानं रस्त्याकडेचे धोंडे आणून मागच्या चाकांखाली घातले. ताईच्या पायाखालची रबरी चटई खेचली, बॉनेट उघडलं आणि गरम झळ तोंडावर घेत, हात पोळत असतानाही हवेचा पाइप उपसला. पुढच्या क्षणी इंजिन फुटलं तर पहिला तुकडा आपल्यालाच लागणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भीतीनं डोळे मिटून त्यानं दुमडलेली चटई टर्बोच्या तोंडावर दाबली. चटई आत ओढली जाऊ लागली. त्यानं सगळं अंग तिच्यावर टाकलं. इंजिन गुदमरलं, दोन आचके देऊन बंद पडलं.

गाडी जराशी मागं सरकली आणि धोंड्यांना टेकून थांबली.

ताईला खाली उतरवावं लागलं. तिच्या पिंढऱ्या थरथर कापत होत्या. ती रस्त्याकडेला बसली. मग म्हणाली, "चिंधी नव्हती रे. मी दोनदा बघितलं. सीटखालीसुद्धा बघितलं, म्हटलं गळून पडली असेल."

बारक्याला रडू फुटलं. त्यानं खिशातून चिंधी काढून तिच्यापुढं धरली.

ताईनं ती हातात घेतली. आता ही मुस्काटात देणार, असं त्याला वाटलं. दिली असती तर बरंच वाटलं असतं. पण तिनं त्याचा भाजलेला उजवा हात ओढला आणि मनगटाला चिंधी बांधून गच्च गाठ मारली.

"चिंधी आहे तोवर हात लावायचा नाही," ती म्हणाली. "कुणाच्याही गाडीला."

"कधीपर्यंत, ताई?"

ती बंद पडलेल्या पिकअपकडे बघत राहिली. तिचे पाय अजून कापत होते.

"माझी भीती जाईपर्यंत," ती म्हणाली.