टाकीची जागा

तिसऱ्यांदा बदललं तरी गोट्यांच्या बादलीतलं पाणी गढूळच होतं. लेकीने बाह्या आणखी वर सारल्या आणि पुन्हा हात घातला. गोटे मुद्दाम लिंबाएवढे निवडले होते, साहेबांच्या तोंडात जाणार नाहीत असे.

साहेब म्हणजे न्यूट. बेडकाचा लांबचा भाऊबंद, बोटभर, काळाभोर, पोटावर नारिंगी ठिपके. देश सोडून जाताना एका गिऱ्हाइकाने तो बाबांच्या हवाली केला होता. बाबा शिंपी. शिवणाच्या खोलीत, मशीनशेजारच्या जुन्या टबात त्यांनी त्याला सहा वर्षं सांभाळलं.

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते आणि तेव्हापासून साहेब अन्नाला तोंड लावत नव्हते. रोज संध्याकाळी लेक फ्रिजमधला डबा काढून गांडुळाचा तुकडा पुढे धरी. साहेब मान फिरवत. मग तिने मिळेल ते वाचून काढलं. थंड पाणी, तेही दिवसभर उघडं ठेवलेलं. संथ फिल्टर. वर येऊन बसायला चपटा दगड. फट नसलेलं झाकण. बाबांमागे उरलेला हा एवढासा जीव आपल्या हातून जाऊ नये, एवढंच तिला वाटत होतं.

"ती नवी टाकी वर तुझ्याच खोलीत ठेव हं," आई अंगणात कुंड्यांपाशी बसून म्हणाली. "सहा वर्षं ती पाल सोसली मी."

"पाल नाही गं ती."

"शेपूट आहे ना? मग पालच."

"काल पण काही खाल्लं नाही त्याने."

"त्याचं पोट त्याला कळतं. तुझ्या मागे वाटी घेऊन घरभर फिरायचे मी. काय फरक पडला? काडीची काडीच राहिलीस."

लेक हसली. आई हल्ली रोज सकाळी त्याच त्या कुंड्या उकरत बसे. नखांत माती जाई. लेकीने कधी टोकलं नव्हतं. ज्याला जसं सुचेल तसं तो दिवस काढतो.

"ताई, जागा आधी पक्की करा," टाकी देताना दुकानदाराने बजावलं होतं. "एकदा पाणी भरलं की हलवायची नाही. काच तडकते."

जागा पक्की होती. वरच्या खोलीत टेबल रिकामं केलेलं, शेजारी कालपासून भरून ठेवलेल्या दोन बादल्या. लेकीने गोटे वर नेऊन टाकीत पसरले आणि मग आठवलं, चपटा दगड खाली टबातच राहिला. ती अनवाणीच जिना उतरली.

शिवणाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आई बाबांच्या स्टुलावर बसली होती. हातात बाबांचा धागे ओढायचा चिमटा, चिमट्यात वळवळणारं काहीतरी. साहेब पाण्याबाहेर तोंड काढून तयार होते.

"हळू," आई म्हणाली. "कोणी मागे लागलंय का?"

बाबा जेवायला बसले की ती त्यांना रोज हेच म्हणायची.

तुकडा गट्ट झाला. आईने दुसरा धरला. तोही गेला. बाजूने पाहताना साहेबांचं पोट चांगलंच सुटलेलं दिसत होतं, आणि लेकीला नवल वाटलं ते इतक्या दिवसांत आपल्याला दिसलं कसं नाही याचं.

ती आल्या पावली वर गेली. टेबलावर दोन्ही तळवे ठेवून तिने भार दिला. टेबल जागचं हललं नाही. मग ती पाय आपटत खाली आली. आई दारात उभी होती, हात पाठीमागे.

"आई, वरचं टेबल डुगडुगतंय."

"ते? ते तर चांगलं..."

"टाकीचं वजन नाही पेलणार. मशीनशेजारीच ठेवावी लागेल. चालेल तुला?"



"नाइलाजच आहे म्हणजे."

"हो ना."

"मग ठेव. पण खिडकीपाशी नको. ऊन सोसत नाही त्याला."

लेकीने मान डोलावली. गोटे पुन्हा बादलीत भरले, टाकी खाली आणली. मग पाण्याच्या बादल्या, थेंबही न सांडता, एकेक पायरी सांभाळत. टाकी भरायला अर्धा तास लागला. चपटा दगड कुठे ठेवायचा ते आईने बोटाने दाखवलं.

संध्याकाळी लेकीने फ्रिजमधला डबा काढलाच नाही.