पौषातलं थंड पाणी

मी एक जुना रांजण आहे. कारंज्याला नागपूर-अमरावती रस्त्याच्या कडेला एक कडुनिंब आहे. त्याच्या बुंध्याशी, निम्मा वाळूत पुरलेला, मी कितीतरी उन्हाळे बसून काढले. आता माझा काठ एका बाजूने उडाला आहे. पण मित्रांनो, माझ्यातले पाणी अजून गार होते.

तानबा कुंभाराने मला घडवले. भट्टीतून काढल्यावर त्याने मला काठोकाठ भरले आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तो माझे सारे अंग ओलेचिंब! मला फार लाज वाटली. आपण गळके निपजलो, आता हा आपल्याला फोडणार, असे वाटून मी घाबरलो. तानबाने मात्र माझ्या पोटावर थाप मारली. "पाझरला ना? मंग माल सोळा आणे हाय. पाझरन तवाच थंड करन."

त्रेपन्न सालच्या चैत्रात रुख्माबाईंनी मला बैलगाडीत कडब्यावर बसवून आणले आणि निंबाखाली प्याऊ घातली. पाणपोईला आमच्याकडे प्याऊ म्हणतात. रुख्माबाई आणि महादेवराव यांचे शेत रस्त्याला लागूनच होते. त्यांची एकुलती एक लेक भागीरथा एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली होती. मुलगी सातवी पास होती. तिला शाळेत शिकवायचे होते, आपल्या पायावर उभे राहायचे होते. पण तिचे दोन अर्ज जागा नाही म्हणून परत आले होते.

पहिल्या दिवशी मला भरून रुख्माबाईंनी हात जोडले. "मारोतीराया, माह्या पोरीले शाळेत नोकरी लागू दे. लागत नाई तोवर मी या रांजणातलं थंड पाणी तोंडाले लावणार नाई."

महादेवराव हसून म्हणाले, "लोक धनावर पाणी सोडते. हिनं त पाण्यावरच पाणी सोडलं!"

पण बाईंचा शब्द खरा होता. वैशाखात डांबर वितळायचे, ट्रकवाले येऊन चार-चार गडवे पाणी प्यायचे, आणि रुख्माबाई घरच्या पितळी घागरीतले कोमट पाणी घोटायच्या. ओमप्रकाश नावाचा एक ड्रायव्हर नेहमी थट्टा करी, "माँजी, आप तो हलवाई निकलीं. अपनी मिठाई खुद नहीं चखतीं!" सगळ्यांची तहान मी भागवत होतो. जिने मला भरले, तीच तेवढी कोरडी. मला ते फार लागे.

भागीरथा प्याऊवर बसे. माझ्या पाझराने भोवतालची वाळू सदा ओली असायची. एक दिवस तिने सहज त्या वाळूत बोटाने 'र' काढला. शेण वेचणाऱ्या दोघी पोरी पाणी प्यायला आल्या होत्या. त्या वाकून म्हणाल्या, "बाई, हे काय व्हय?"

"हा रांजणातला र."

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत डझनभर पोरी माझ्याभोवती गोल करून बसू लागल्या. कोरड्या धुळीत अक्षर टिकत नाही. माझ्या ओल्या वाळूत ते संध्याकाळपर्यंत राही.

अर्ज मात्र दरवर्षी परत येत होते.

त्या तिसऱ्या उन्हाळ्यात एकदा रुख्माबाई शेतातून येतायेता घेरी येऊन माझ्यापाशीच बसल्या. भागीरथाने गडवा भरून त्यांच्या ओठाला लावला. "पे ना वं माय! मी आता अर्जच करत नाई. देवाले माह्यी दया येत नाई, त तुह्यी काऊन येईन?"

रुख्माबाईंनी गडवा बाजूला सारला. "भागी, सकाळी भरलेलं पाणी लगेच थंड होते काय? घडीघडी झाकण काढून पाह्यलं त होते काय? अर्ज तू करजो. कवा द्याचं, ते त्याच्याकडं हाय."

खरे सांगतो, त्या दिवशी माझाही धीर सुटला होता. मी अर्ध्या दिवसात पाणी गार करतो, देव माझ्याहूनही संथ कसा, असे माझ्या मनात आले.

चौथ्या वर्षी माझी छिद्रे क्षारांनी बुजली. पाझर आटला, पाणी पूर्वीसारखे गार होईना. लोक नाके मुरडू लागले. पावसाळ्यापूर्वी मला घरी नेऊन भिंतीशी पालथे घातले. महादेवराव म्हणाले, यात आता तुरी भरू.

मग पौषात डाकवाला पत्र घेऊन आला. कारंज्यातच मुलींची नवी शाळा निघणार होती. शाळाखात्याचे साहेब आधी पाहणी करून गेले होते. मुली मिळतील का, हीच त्यांना काळजी होती. इथे तर बारा मुली आधीच वाचत होत्या! कुठे शिकलात विचारल्यावर त्या म्हणाल्या, "रांजणापाशी." भागीरथाची नेमणूक झाली होती.

सारे घर हसत होते, रडत होते. रुख्माबाई मात्र पदर खोचून माझ्याकडे आल्या. काथ्याने त्यांनी मला आतून खसाखसा घासले आणि भरले. मी इतका सुकलेला, की पहिली घागर मीच पिऊन टाकली! पुन्हा भरून एक रात्र थांबावे लागले. सकाळी माझ्या अंगावर ओल आली, चार वर्षांपूर्वीसारखी. या वेळी मला लाज वाटली नाही.

घोंगडी पांघरलेले महादेवराव म्हणाले, "अवं, इथं हुडहुडी भरून राह्यली, अन् तू थंड पाणी पेतं? देवालेबी मोसम समजत नाई!"

रुख्माबाईंनी अख्खा गडवा रिता केला. दात वाजत होते, डोळे वाहत होते. "समजते त्याले. उन्हाळ्यात देल्लं असतं, त मी तहानेनं पेली असती. आज तहान नाई. आज नुसती त्याच्या नावानं पेली."

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. उडालेला काठ पाहून मला उकिरड्यावर टाकू नका. उन्हाळ्याआधी एकदा आतून घासा, सावलीत ठेवा, भरा. आणि भरल्यावर घडीघडी झाकण काढू नका.