मगरोबाचे दात

"साहेब, एवढा एक विनोद बदला. आजच्या दिवस," मी तिसऱ्यांदा म्हणालो.

साहेबांनी मान वर न करता विचारलं, "का? लोक हसत नाहीत का?"

"हसतात. तीच तर पंचाईत आहे."

मी बागेतला मगरोबा. करमणुकीच्या या बागेत पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या यांच्यामधे एक छोटं थिएटर आहे. रंगमंचावर खोटं तळं, तळ्यात हिरवागार मगरोबा, आणि तळ्याखालच्या पेटीत मी. उजवा हात कोपरापर्यंत त्याच्या जबड्यात, तोंडापुढे माइक. बावीस वर्षं झाली. उजवा खांदा त्यातच कामी आला.

पूर्वी मगरोबा दात घासायचा. हातभर लांब ब्रश होता. तो मुद्दाम पुढचेच दात घासायचा आणि मुलं जिवाच्या आकांताने ओरडायची, "मागचा राहिला! मागचा!" मग हे साहेब आले. तिकीट आईबाप काढतात, तेव्हा त्यांच्यासाठीही काही हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं. दात बंद झाले, ब्रश कोठारात गेला. आता दर सोमवारी ऑफिसातून एक चिठ्ठी येते. तिच्यावर त्या आठवड्यात गाजलेल्या कुणा नटाच्या, नटीच्या नाहीतर क्रिकेटवाल्याच्या भानगडीवरचा विनोद असतो. मला त्यातलं कुणीही ठाऊक नसतं. हा कोण, हिने काय केलं, हे लेकीला विचारावं लागतं. बरं, सोमवारी ज्यांचं भांडण, त्यांचा गुरुवारी गळ्यात गळे घातलेला फोटो! तरी चिठ्ठी बदलायची नाही, कारण हसू आधीच भरून ठेवलेलं असतं. हो, हसू. ध्वनिवाल्याच्या मशीनमधे दिवे, कारंजी आणि हशा, सगळं सेकंदावर बसवलेलं आहे. विनोदाला अठरा सेकंद, की लगेच हशा.

या आठवड्याची चिठ्ठी एका बड्या नटाच्या घटस्फोटावर होती. "बंगला तिला, गाडी त्याला. कुत्र्यावरून कोर्टात मारामारी! आणि पोरगी? पोरगी कुणीही न्या, शनिवार-रविवार फुकट!"

आज शनिवार होता, आणि चारच्या खेळाला माझी नात येणार होती. बिट्टी, साडेसहा वर्षांची. लेक दीड वर्षापूर्वी तिला घेऊन आमच्याकडे राहायला आली. बिट्टी शनिवार-रविवारी बापाकडे असते आणि आज बापच तिला बागेत आणणार होता. घरी रोज सकाळी मी मगरोबाच्या आवाजात ओरडल्याशिवाय ही पोर तोंडात ब्रश घालत नाही. मगरोबाचे स्वतःचे दात बंद झालेत, हे तिला सांगायचा मला धीर झाला नव्हता.

घरातलं बाहेर सांगायची मला सवय नाही, पण साहेबांना हे सगळं सांगितलं.

"काका, कळतंय मला," ते म्हणाले. "पण चिठ्ठीवर वरच्यांची सही आहे. आणि ती लहान आहे हो, तिला काय कळणार?"

"तिलाच कळेल, साहेब. बाकीच्या पोरांना नाही कळायचं."

साहेबांनी फोन उचलला. म्हणजे मी निघावं.

जाता जाता ध्वनिवाल्याला गाठलं. त्याने हात वर केले. "काका, माझ्या हातात एकच बटण आहे. सुरू करायचं. पुढे मशीन कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

चार वाजता पेटीत उतरलो. कमळाच्या पानात एक भोक आहे, त्यातून पुढच्या दोन रांगा दिसतात. बिट्टी बरोबर मधोमध बसली होती, बापाचं बोट धरून. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला त्याचाही राग येईना.

गाणं झालं, कारंजं उडालं आणि पेटीतला लाल दिवा लागला.

"बंगला तिला," मी म्हणालो. जिभेला वळणच पडलेलं. "गाडी त्याला."

मोठी माणसं खुदखुदली. बिट्टीही हसली, कारण मगरोबा बोलत होता. बाप मात्र खाली बघायला लागला. आणि मी गप्प बसलो. जबडा उघडाच. उरलेले सेकंद सरता सरेनात. थिएटर चिडीचूप झालं आणि त्या शांततेत मशीन खो-खो हसलं. बिट्टी वळून बघायला लागली, हसतंय कोण. हसत कुणीच नव्हतं.

मग ती खुर्चीवर उभी राहिली. "मगरोबा, दात घास ना!"

"ब्रश हरवलाय," मी मगरोबाच्या आवाजात म्हणालो. दुसरं काय सांगणार?

"मग बोटाने घास!"

मी डावा हात तळ्यातून वर काढला. मळकी बाही, मनगटावर जुनं घड्याळ, सगळं उघड्यावर. बावीस वर्षांत प्रेक्षकांना माझं नखसुद्धा दिसलं नव्हतं. तर्जनी मगरोबाच्या पुढच्या दातांवर फिरवायला लागलो. मोठी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कारंजं भलत्याच वेळी उडालं, दिवे निळे झाले, आणि मुलांनी थिएटर डोक्यावर घेतलं. "मागचा राहिला! मागचा!"

साहेब ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "सोमवारी बघू."

रविवारी संध्याकाळी बापाने बिट्टीला दारात सोडलं. चपला काढता काढता ती माझ्या कानाशी आली. "आजोबा, तो हात तुमचा होता. मी घड्याळावरून ओळखला."

"मग? सांगितलंस बाबांना?"

"नाही. मगरोबाला वाईट वाटेल."

सोमवारी चिठ्ठी आली. वर एका क्रिकेटवाल्याच्या लग्नावरचा विनोद होता आणि खाली एक ओळ: यापुढे मगरोबाचा आवाज मशीनवरून, चालकाने फक्त जबडा हलवावा. माझ्या पेटीतला माइक सकाळीच कुणीतरी काढून नेला होता. बावीस वर्षं माझा असलेला आवाज एका ओळीत गेला, आणि मी चिठ्ठी मिळाल्याची सही केली.

पहिल्या खेळाला लाल दिवा लागला. कुणा तरण्या पोराच्या आवाजात मगरोबा बोलला, अठरा सेकंदांनी मशीन हसलं. मी जबडा उघडला, मिटला. डावा हात मांडीवर होता. घड्याळ घरीच ठेवून आलो होतो आणि बाही कोपरापर्यंत दुमडली होती. न जाणो, कुणी उभं राहिलंच तर.