दोन माशीमार

पेरू देशाच्या जंगलात दोन जातींचे माशीमार पक्षी आहेत. रंग, चोच, शेपूट सगळं इतकं सारखं, की ते फक्त आवाजावरून ओळखायचे. वणीत घरी बसून त्यांचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि यातली जात पहिली की दुसरी ते लिहायचं, हे माझं काम. वर्षभरात माझी एकही चूक निघाली नव्हती, म्हणून मी जरा तोऱ्यातच होते.

परवा हेडफोन बिघडला, म्हणून आवाज मोठा केला. लिहिताना मी उत्तर पुटपुटते. पाच-सहा झाले असतील, तेवढ्यात समोर तुरीची डाळ निवडणारी आई माझ्या आधीच म्हणाली, "हा पयला." बरोबर! पुढचे वीसही तिनं बरोबर सांगितले. मी थक्क झाले.

"आई, तुले कसं कळून राह्यलं?"

"त्यात काय, दीपे? पयल्यात तो रेकॉर्डिंग करणारा माणूस खोकलते. दुसऱ्यात कोणी खोकलत नाही."

माझं डोकंच फिरलं. "पक्षी सोडून खोकला कायले ऐकते तू?"

तणतणत मी खोकला पुसून टाकला आणि तेच सगळं पुन्हा लावलं.

आईनं हात झटकले. "आता नाही कळत बाप्पा. तू सांग."

मी कान लावला. पिट्. पुढचं लावलं. पिट्. त्यापुढचंही पिट्. सगळे एकसारखे.

"सांग ना, कोणता हाय?"

घशाला कोरड पडली. मी खोकले.

"पयला," आई म्हणाली.