मामाचा डोळा

डॉक्टरांनी प्लास्टिकचा मोठा डोळा टेबलावर ओढला आणि वरचा पारदर्शक पडदा बोटाने उचलून दाखवला.

"पहिल्या प्रकारात हा असा पातळ पापुद्रा उचलायचा, खाली लेसर मारायचा, पापुद्रा परत बसवायचा. दुसऱ्या दिवशी स्पष्ट दिसतं. पण तुमच्या कामात डोळ्यावर जबर मार बसला, तर तो सरकू शकतो."

"अन् दुसरा?" रणजीतने विचारलं.

"त्यात पापुद्रा नाही. वरची साल काढून लेसर. चार-पाच दिवस डोळ्यांची आग होते, नजर बसायला महिना-दोन महिने जातात. पण नंतर मार लागला तरी धोका कमी. फौजेतल्या माणसाला मी हाच सांगेन."

रणजीत ताठ बसून ऐकत होता. शेजारी त्याची आई, अनुसयाबाई. कळायला लागल्यापासून तो तिला बंजारा बोलीत याडीच म्हणायचा. तपासणीत डोळ्यांत थेंब घालतात, सोबत कुणी आणा, असं सांगितल्यामुळे सेनगावकडच्या तांड्यावरून ती सकाळच्या एसटीने त्याच्याबरोबर हिंगोलीला आली होती. चष्म्यामुळे दोन वर्षं तो युनिटच्या स्टोअरमध्ये होता. नंबर गेला की कमांडो कोर्सला नाव जाणार, तिथून पुन्हा बर्फातली चौकी. फोनवर त्याने हे हसत सांगितलं होतं. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता.

डॉक्टरांनी डोळ्याचा रंगीत नकाशा उजेडात धरला.

"हा वरचा पडदा जरा पातळ आहे. करता येईल, पण अगदी काठावर. घरात कुणाची नजर हळूहळू गेली आहे का? पडद्याला फुगवटा येऊन?"

रणजीतच्या आधी अनुसयाबाई बोलली.

"माझ्या भावाची गेली ना, डाक्टरसाहेब. उत्तमसिंगची. तिशीतच. पडदा फुगला म्हणले व्हते."

खरं तर उत्तमसिंगचा डोळा तुरीचा खुंट लागून गेला होता. सात वर्षांचा रणजीत तेव्हा त्याच शेतात होता. ओरडत तांड्याकडे तोच पळाला होता. अनुसयाबाईने पदराचं टोक मुठीत आवळलं. पोरगं आता बोलणार.

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी रणजीतकडे पाहिलं.

"सख्खे मामा?"

तो प्लास्टिकच्या डोळ्याकडे बघत राहिला.

"व्हय," तो म्हणाला. "सख्खे."

"मग तुम्हाला दोन्ही प्रकार नकोत. वर्षभर थांबा, पुन्हा नकाशा काढू."

बाहेर जिन्यात थांबून त्याने सुभेदारांना फोन लावला.

"साब, डॉक्टर ने मना किया है. खानदान में बीमारी है."

आवाज ठाम होता. फोन खिशात टाकून तो पायरीवरच बसला. थेंबांमुळे उजेड सहन होत नव्हता की काय, त्याने डोळे घट्ट मिटून घेतले.

तिला हवं होतं तेच झालं होतं. तरी तिला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"तू काहून न्हाई बोलला रं?"

खालून एक पेशंट वर चढला, त्याला वाट देण्यासाठी अनुसयाबाई भिंतीला चिकटली आणि मग लेकाजवळ येऊन बसली. डोळे न उघडताच तो बोलला.

"स्टोअरात झोप लागती, याडी. चौकीवर लागत नव्हती."