बेचाळीस कोरी कार्डं

बाबांना जाऊन तीन आठवडे झाले होते. प्रकाशक त्यांच्याच खुर्चीत बसून, बोट जिभेला लावून त्यांची कार्डं उलटत होते. प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यावर ओला डाग उमटत होता.

ही कार्डं जुन्या इंग्रजी वाक्प्रचारांची. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची पत्रं-कादंबऱ्या वाचताना आज जिथे ठेच लागते, ते. शाळेतली नोकरी सांभाळून बाबांनी एकतीस वर्षं ती जमवली. नियम एकच: तीन वेगवेगळ्या पुस्तकांत भेटल्याशिवाय अर्थ लिहायचा नाही. तोवर कार्डावर फक्त पुस्तक आणि पान. "दोन साक्षीदार संगनमत करू शकतात," असं म्हणायचे.

अर्थाविना बेचाळीस उरली होती. दादाने मला न विचारता कार्डांचा खोका प्रकाशकांना दिला आणि आज ते खोक्यासोबत छापील मसुदाच घेऊन आले होते. वर बाबांचं नाव.

मी मसुद्यात कोऱ्या कार्डांपैकी एक वाक्प्रचार शोधला. 'टू कट वन्स स्टिक'. समोर छापलं होतं: कुणाचा आधार काढून घेणे.

"हे कुणी लिहिलं?"

"आमच्या संपादिकेने. काठी म्हणजे आधार, तो कापला. सरळ आहे, ताई. बेचाळीसच्या बेचाळीस एका दुपारी उरकले!"

"बाबांना एकतीस वर्षांत उरकले नाहीत."

"सर फारच चिकित्सक हो." बिस्किटाचा तुकडा चहात पडला. तो त्यांनी बोटाने काढून तोंडात टाकला आणि तेच बोट पुन्हा कार्डांकडे नेलं.

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणे. या वाक्प्रचाराला मला तीन साक्षीदार लागले नाहीत.

"अगं, कोण बघतंय?" दादा म्हणाला. "बाबा थोडेच येणारेत विचारायला?"

"म्हणूनच मी विचारतेय."

मी आतून बाबांच्या उशाशी राहिलेली कादंबरी आणली. त्यांची खूण होती तिथून पुढे मीच वाचत होते. दोनशे अकराव्या पानावर पोलीस येतात, तेव्हा नोकराने 'स्टिक कट' केलेली असते. खोलीत त्याची ट्रंकही नसते.

"पळालाय तो," मी म्हटलं. "कुणाचा आधारबिधार नाही."

"बरं, एक चुकला. बाकीचे बरोबर असतील."

"असतील? ते कोरे सोडा, नाहीतर बाबांचं नाव काढा."

"कोरं पुस्तक कोण घेईल? आणि सरांच्या नावाशिवाय तर कुत्रं विचारणार नाही."

"मग राहू द्या."

त्यांनी दादाकडे पाहिलं. दादाने कपात पाहिलं. मी मसुदा त्यांच्या हातात दिला आणि खोका ओढून घेतला.

ते गेल्यावर एकेक कोपरा कोरड्या फडक्याने पुसला. डाग पुरते गेले नाहीत. मग त्या कार्डावर बाबांच्या दोन नोंदींखाली तिसरी लिहिली, पान २११. अर्थ: काढता पाय घेणे. खाली माझी सही केली, चुकलं तर बोल मला लागावा म्हणून.

एकेचाळीस राहिली.